बेनीच्या भूकंपाची नोंद

बेनी उरुटिया स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चढला तो डॉक्टरने बंद केलेल्या सॉसेजच्या शोधात. त्याची बायको लोरेटा ते लपवायची आणि बेनी शोधायचा. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग म्हणून नव्हता. या खेपेला सॉसेज कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, लोरेटाच्या आईच्या सूप वाढायच्या भांड्यात असणार, असा त्याचा पक्का कयास होता. झाकणाला हात घातला, खुर्ची सरकली, आणि तीन पिढ्यांना रविवारचा मेंढीचा रस्सा वाढलेलं ते चिनीमातीचं भांडं फरशीवर आलं. सॉसेज त्यात नव्हतंच.

चाळीस वर्षं सुरुंग लावलेला माणूस, पण ते तुकडे गोळा करायला तो धजेना. मागे एकदा या भांड्याच्या कानाचा टवका उडाला, तेव्हा लोरेटा महिनाभर त्याच्याशी कुत्र्यामार्फत बोलत होती. आता तर कानही उरला नव्हता.

"काय पडलं रे?" परसातून आत येत लोरेटाने विचारलं.

"भूकंप," बेनी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हणालो.

थाप तशी अगदीच अधांतरी नव्हती. नेवाडाच्या वाळवंटात कॉपर वेल गावाखालची जमीन महिन्यातून दोनतीनदा अंग झाडतेच. तिथे सकाळी भेटल्यावर कुणी 'कसं काय' विचारत नाही, 'जाणवला का' विचारतात. आणि ज्याला जाणवला नाही त्याची काही धडगत नसते. तो एक तर बेवडा, नाही तर कालपरवा कॅलिफोर्नियातून आलेला, असं गाव समजून चालतं.

लोरेटाने वाकून दोनतीन तुकडे उचलून ओट्यावर ठेवले. मग हात पुसत म्हणाली, "मोठाच झाला असेल. मला बाहेर काही कळलं नाही." आणि थेट संगणकापुढे बसून तिने सरकारच्या भूकंप खात्याचा फॉर्म उघडला.

"अगं, कशाला उगीच?" बेनी म्हणाला.

"उगीच कसं? नोंद नको व्हायला? भांडी पडली का, हो. घरातली माणसं घाबरली का? घाबरलास का तू?"

"थोडासा."

"'फार' लिहिते."

तासाभरात खात्याच्या नकाशावर कॉपर वेलपाशी एक ठिपका उमटला. गावातल्या बारचा मालक व्हर्न टोलफसन याने तो पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गावात कुणाला तरी जाणवतो आणि आपल्याला नाही म्हणजे काय? "मी तेव्हाच म्हटलं, ग्लास किणकिणतायत," तो गिऱ्हाइकांना म्हणाला. गिऱ्हाइकांनाही मग एकेक आठवायला लागलं. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा वस्तीच्या गावातून त्रेचाळीस नोंदी गेल्या. पोलिसाच्या गाडीला पडलेला पोचा भूकंपाने पडला होता. अग्निशमन केंद्राच्या भिंतीतली तडही भूकंपाची, मग तिच्यात गेल्या वर्षीचं चिमणीचं घरटं का असेना. एक गृहस्थ तर त्या दिवशी दूर रीनो शहरात दाढ काढायला गेले होते, त्यांना आपल्या घराचा हादरा तिथे खुर्चीत जाणवला.

हा सगळा बोभाटा बेनीने पचवला असता. पचेना ती बायकोची माया. "घाबरलेला आहे तो, त्याच्यावर आरडाओरडा करू नका," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. चौथ्या दिवशी तर तिने स्वतःच्या हाताने सॉसेज तळून त्याच्यापुढे ठेवलं. "खा, धसका घेतलायस तू." बेनीने ते टेबलाखालून कुत्र्याला घातलं. कबूल करावं म्हणून रोज सकाळी तो तोंड उघडायचा आणि कॉफी मागायचा.

आठव्या दिवशी विद्यापीठातून डॉ. लिंडक्विस्ट आल्या. गावाबाहेरच्या जुन्या खाणीत त्यांचं भूकंपमापक यंत्र होतं, ते साधं थरथरलंही नव्हतं. त्रेचाळीस माणसं एकीकडे आणि यंत्र एकीकडे, असा पेच होता. बाईंनी बेनीच्या घरी येऊन कपाट मोजलं, फरशी मोजली.

"भांडं कुठल्या दिशेला पडलं?"

"खाली," बेनी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अग्निशमन केंद्रात गावाची सभा भरली. व्हर्नने तोवर 'हादरा बर्गर' विकायला काढला होता. बाईंनी नम्रपणे विचारलं, "हा धक्का प्रथम कुणाला जाणवला?" सगळ्या माना बेनीकडे वळल्या. लोरेटाने त्याचा हात हातात घेतला, आणि तिथेच त्याचा धीर सुटला.

"भूकंप झालाच नाही," तो उठून म्हणाला. "मी खुर्चीवरून घसरलो. भांडं माझ्या हातून पडलं."

व्हर्न उठला. "म्हणजे आम्ही खोटारडे का रे? मग माझे ग्लास कुणी वाजवले, तुझ्या काकाने?"

"मी दाढेच्या खुर्चीतून उडालो होतो," मागून कुणी म्हणालं.

"दोन वर्षांपूर्वीचा खराखुरा भूकंपही याला कळला नव्हता. याला काय विचारता?" आणखी एकजण म्हणाला.

बेनी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात लोरेटा उठली. "त्याचं मनावर घेऊ नका हो. त्या दिवसापासून तो ताळ्यावर नाही. भूकंप झाला. मी परसात टोमॅटोला पाणी घालत होते, माझे पाय लटपटले." सभेने टाळ्या वाजवल्या. डॉ. लिंडक्विस्टबाईंनी सुस्कारा सोडून वहीत लिहिलं, 'यंत्र बदलावे.'

परतताना बेनीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "तू तर म्हणालीस, बाहेर काही कळलं नाही."

"नाहीच कळलं. झालाच नव्हता तर कळणार काय? तू खुर्चीवर चढलास तेव्हापासून खिडकीतून बघत होते मी."

"आणि फॉर्म भरलास?"

"म्हटलं, बघू किती दिवस रेटतोस. नऊ दिवस रेटलंस, शाबास."

"अगं, पण शेवटी मी खरं बोललो, आणि तू उभी राहून खोटं बोललीस."

लोरेटाने तोंड समोरच्या उजाड डोंगरांकडे वळवलं. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या आईचं भांडं होतं ते, बेनी. खरं मला हवं होतं. त्या लोकांना कुठे हवं होतं?"

बेनीने गाडी बंद केली. चारचौघांत जे धडधडीत म्हणून झालं होतं, ते तिला एकटीला सांगायला त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लोरेटा, आईचं भांडं माझ्या हातून फुटलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "चल आता घरी."