दळवीकाकांचं दही

क्रूझ यायच्या दिवशी आमचे दळवीकाका सकाळपासून धक्क्यावर उभे असतात. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि हातात दह्याचा स्टीलचा डबा.

पाइहिया म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तरेचं एवढंसं बंदर. निळंशार पाणी, हिरवी बेटं आणि दुकानांचा एक रस्ता. त्या रस्त्यावरच्या फार्मसीत मी कामाला. अख्ख्या गावात मराठी घरं दोन, एक माझं आणि एक दळव्यांचं. काकांचा मुलगा डॉक्टर, दिवसभर हॉस्पिटलात. नातवंडांना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मालतीकाकू जाऊन काही वर्षं झालेली. त्यामुळे जहाजानं खाडीत नांगर टाकला आणि छोट्या बोटींतून माणसं उतरू लागली की काकांना उधाण येतं.

"मेघा, मराठी माणूस पाठमोरा ओळखू येतो!" हे त्यांचं पेटंट वाक्य. खुणाही ठरलेल्या. जिच्या पर्समधून घडी घातलेली रिकामी पिशवी निघेल, ती बाई आपली. आइस्क्रीमच्या पाटीसमोर जो ओठ हलवत डॉलरचे रुपये करतो, तो बुवा आपला. असं कुणी सापडलं की काका "किया ओरा! कुठले तुम्ही?" असा माओरी नमस्कार ठोकत गाठतात, घरी नेऊन पोहे खायला घालतात आणि परतीच्या बोटीत चढताना हातावर दही ठेवतात. "दही घेऊन निघालेला माणूस परत येतोच!" त्याशिवाय ते कुणाला सोडतच नाहीत. एकदा अंदाज चुकून एका श्रीलंकेच्या जोडप्याला दही मिळालं. त्यांनी ते सनस्क्रीन समजून दंडाला चोळलं.

त्या जानेवारीत मात्र अस्सल माल गवसला. नाशिकचे करंदीकर पती-पत्नी! काका नुसते नाचायचे बाकी होते. पोहे झाले, धबधबा झाला, परत चहा झाला. मी चहाच्या सुट्टीत धक्क्यावर आले, तर शेवटची बोट सुटायला आलेली आणि हे तिघं धापा टाकत येतायत. करंदीकरवहिनी बोटीत पाय ठेवणार, तोच काका ओरडले, "थांबा! डबा घरीच राहिला!"

"अहो, राहू द्या हो काका," करंदीकर म्हणाले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "राहू द्या कसं? मेघा, पळ! कुठूनही आण!"

मी फार्मसीच्या कोटातच धूम ठोकली. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, पण त्या डेअरीत साधं दही संपलेलं. होतं ते स्ट्रॉबेरीचं. उचललं तेच. परत येऊन बघते तर काका बोट सोडणाऱ्या किवी माणसाचा दंड धरून उभे. "वन मिनिट! रिलिजस मॅटर!"

"स्वीट ॲज, मेट," म्हणजे 'चालतंय की', तो बिचारा हसत म्हणाला.

गुलाबी दही हातावर पडलं. वहिनींनी ते गंभीरपणे चाटलं आणि वाकून काकांना नमस्कार केला. ते पाहून त्या किवीनंही हात पुढे केला! बोटीतल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही वेड्यासारखी टाळ्या पिटत होते. काय मजा आली म्हणून सांगू!

बोट लांब गेली. मी वळून बघितलं, तर काका बाकावर बसलेले.

"मालतीला हेलिकॉप्टरनं ऑकलंडला नेलं ना," ते जहाजाकडे बघत म्हणाले, "तेव्हा घाईत राहून गेलं. फ्रीजमध्ये होतं गं. तिनंच विरजलेलं."

सुट्टी संपली होती आणि मला जायचं होतं फक्त रस्त्यापलीकडे, फार्मसीत.

"निघते काका," मी म्हणाले आणि तळवा पुढे केला.

त्यांनी डबीच्या तळाशी उरलेलं दही चमच्यानं खरवडून माझ्या हातावर ठेवलं.

"ये हं परत," ते म्हणाले.