भाजीनं काय घोडं मारलं होतं?

"भाजीनं देवाचं काय घोडं मारलं होतं, सांग मला!" सोमवारी सकाळी दुकान उघडता उघडता थोरल्यांनी विचारलं.

शेजारच्या दुकानात सुरीला धार लावणारा धाकटा थांबला. "कुठल्या भाजीनं, दादा?"

"कालच्या. प्रवचनातल्या."

बाजाराच्या कोपऱ्यावर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ही दोन दुकानं होती. थोरल्यांचं भाजीचं, धाकट्याचं मटणाचं. दोघा भावांत कधी भांडण झालं नव्हतं. थोरल्यांनी बोलायचं आणि धाकट्यानं हसायचं, ही वाटणी लहानपणीच होऊन गेली होती. पण काल प्रार्थनाघरात पाळकसाहेबांनी जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट वाचली. थोरला शेतकरी, त्यानं देवाला शेतातलं पीक वाहिलं. धाकटा मेंढपाळ, त्यानं कळपातलं पहिलं कोकरू वाहिलं. देवाला कोकरू पसंत पडलं, पीक नाही. थोरल्याचं डोकं फिरलं, तो धाकट्याला शेतात घेऊन गेला आणि तिथं त्याचा जीव घेतला. गोष्ट संपली तेव्हा सगळ्या मंडळीनं माना वळवून आधी थोरल्यांकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

सोमवारी तर बाजारात तोच विषय. समोरच्या शिंपीणबाई काकड्या निवडता निवडता धाकट्याला ओरडून म्हणाल्या, "भाऊ, दादांनी शेतावर चल म्हटलं तर जाऊ नका हं!"

धाकटा पोट धरून हसला. थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुपारी धाकट्यानं नेहमीसारखी हाक मारली. "दादा, चहा घेणार?"

"आमचं कशाला विचारतोस? आमचं देवालासुद्धा चालत नाही."

संध्याकाळी थोरले थेट पाळकसाहेबांच्या दारात उभे राहिले. पाळकसाहेब स्वभावानं गरीब. त्यांनी चष्मा पुसला, जाडजूड ग्रंथ उघडला, मिटला.

"असं आहे थोरले, देवानं असं का केलं ते ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं नाही. पण जाणकार म्हणतात, धाकट्यानं जे सगळ्यांत चांगलं होतं ते दिलं. आणि थोरल्यानं…"

"थोरल्यानं काय?"

"हाताला लागलं ते दिलं."

थोरल्यांचे कान तापले. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण असायचं. मटण धाकट्याचं, भाजी थोरल्यांची. आणि थोरल्यांची भाजी म्हणजे शनिवारी दुकान बंद करताना जी कुणी नेली नाही ती. सुरकुतलेली वांगी, फुटके टोमॅटो, पिवळा पालक. ही गोष्ट ते स्वतः आणि त्यांची बायको सोडून कुणालाच ठाऊक नाही, असं ते समजून होते.

"तुम्ही हे मला उद्देशून म्हणताय?"

"छे हो! मी जाणकारांचं सांगतोय," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, आणि उगाचच चष्मा पुन्हा पुसू लागले.

घरी आल्यावर थोरल्यांनी बायकोला सांगितलं, "या रविवारी जेवण आहे ना? अशी भाजी पाठवतो की मटणाकडे कुणी ढुंकून बघणार नाही."

"पाठवा की. पण रविवारीच निवडा, आत्तापासून नको."

पण हे ऐकायला थोरले शुद्धीवर कुठे होते? मंगळवारपासून गाडी आली की ते माल चाळायचे. सगळ्यांत टवटवीत पालक मागच्या खोलीत. सरळसोट काकड्या मागच्या खोलीत. रसरशीत टोमॅटो ओल्या गोणपाटाखाली. उरलेला माल पाहून गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

"तो आतला पालक द्या ना," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तो देवाचा आहे."

"मग टोमॅटो?"

"तेही देवाचे."

"अहो, मग आम्ही काय खायचं?"

"शेजारी जा!" थोरले खेकसले.

लोक खरोखरच शेजारी गेले. बुधवारी गेले, गुरुवारी गेले, शुक्रवारी धाकट्याच्या दुकानापुढे रांग लागली. धाकट्याला घाम पुसायला फुरसत मिळेना. तो भिंतीवर थाप मारून विचारायचा, "दादा, आज तुझ्याकडे भाजी नाही का?" आणि भिंतीपलीकडून फक्त टोपल्या सरकवल्याचा आवाज यायचा. शनिवारी तो दोनदा मुद्दाम दारात येऊन उभा राहिला. थोरले पाठ करून मुळे पुसत बसले होते. धाकट्याचं हसणं त्या दिवसापुरतं बंद पडलं.

रविवारी सकाळी थोरल्यांनी मागची खोली उघडली आणि खालीच बसले. उकाडा आठवडाभर होता. पालकाचा चिखल झाला होता. काकड्या वाकवल्या की वाकत होत्या. गोणपाटाखालच्या टोमॅटोंना तर केसाळ दाढी फुटली होती. बायको मागून डोकावली. तिनं सुरी आणि पाट आणला. दोघांनी कापून, छाटून, निवडून अर्धी टोपली जमवली. दर महिन्याच्या टोपलीत आणि या टोपलीत फरक एवढाच होता, की हिच्यासाठी थोरले आठवडाभर झोपले नव्हते.

प्रार्थनाघरामागच्या स्वयंपाकघरात पोचले तर पाळकसाहेब ओट्यापाशी होते, आणि शेजारी धाकटा आधीच ओशाळून उभा. त्याच्या पातेल्यात नुसती हाडं.

"हे काय आणलंस?" थोरले ओरडले.

"दादा, आठवडाभर गिऱ्हाईकानं काही शिल्लकच ठेवलं नाही रे. तू सगळ्यांना माझ्याकडे पाठवलंस. काल संध्याकाळी पाहतो तर एवढंच."

थोरल्यांनी पातेल्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "पाळकसाहेब, एवढी वर्षं मी शिळं पाठवलं. या वेळी मनापासून केलं, तर माझंही गेलं आणि याचंही."

पाळकसाहेबांनी टोपली उचलून ओट्यावर ठेवली. "शिळं पाठवता ते मला माहीत होतं हो. भाजी निवडायला मीच बसतो." मग जरा थांबून म्हणाले, "एक गोष्ट सोमवारी सांगायची राहिली. त्या गोष्टीत देव धाकट्याशी एक शब्दही बोलत नाही. चेहरा का उतरला म्हणून विचारतो, समजूत घालतो, ते थोरल्यालाच."

थोरल्यांनी विचारलं, "आणि तरी त्यानं ऐकलं नाही?"

"नाही ऐकलं."

"गाढव होता," थोरले म्हणाले, आणि धाकट्याच्या हातातलं जड पातेलं त्यांनी आपल्याकडे घेतलं.

हाडं आणि भाजी एकाच भांड्यात उकळायला घातली, दुसरा इलाजच नव्हता. त्या दिवशी मंडळी दोनदोनदा वाढून घेत होती. शिंपीणबाईंनी तर तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला. थोरल्यांची बायको पळी घेऊन सगळ्यांना वाढत होती, घामानं निथळत.

"पाळकसाहेब," धाकटा हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी भावांची गोष्ट नको हं."

"पण पुढची तर जुळ्या भावांची आहे."

"त्यात कोण फसतो?" थोरल्यांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी वाडग्यात पाहिलं. "थोरला."

"मग दुसरी काढा! बहिणींची वगैरे नाही का?"

"आहे ना," पाळकसाहेब उत्साहानं म्हणाले. "छान आहे. पाहुणा घरी येतो, थोरली बहीण बिचारी स्वयंपाकघरात राबत राहते, धाकटी नुसती त्याच्यापाशी बसून ऐकत असते, आणि तो शेवटी धाकटीचंच कौतुक…"

थोरल्यांची बायको पाच बहिणींत थोरली होती. तिनं पळी भांड्याच्या काठावर ठेवली, पदराला हात पुसले, आणि पाळकसाहेबांसमोर खुर्ची ओढून बसली.

"का हो?" तिनं विचारलं.