एका दिवसाचं पाळणाघर

तपासणीचं पत्र सोमवारी सकाळी आलं आणि मॅनेजर साहेबांचा चहा कपातच निवला. शर्टांच्या त्या कारखान्यात साठ-सत्तर बायका शिलाईला होत्या. नियमाप्रमाणे तिथे पाळणाघर हवं होतं, आणि ते होतंही. मागच्या खोलीच्या दारावर तशी पाटी होती. फक्त आत, सहा वर्षं झाली, परत आलेल्या मालाची खोकी, दोन मोडके पंखे आणि एक तीन पायांची खुर्ची नांदत होती.

"उद्या तपासनीस बाई येणार आहेत," साहेबांनी मधल्या सुट्टीत सांगितलं. "ज्यांची लहान मुलं असतील त्यांनी घेऊन या. उद्यापुरतीच."

"खरंच आणायची?" शर्टाला काजं करणाऱ्या बाईनं विचारलं. दिवसभर मान वर न करणारी ही बाई. सगळे तिला काजवालीच म्हणत.

"मग काय, फोटो आणणार?"

खोकी ठेवायला दुसरी जागा नव्हती, ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. संध्याकाळी साहेबांना आपल्याच खुर्चीपर्यंत अंग चोरून जावं लागलं.

मंगळवारी दहा-बारा मुलं येतील असा अंदाज होता. आली सव्वीस. त्यांच्यावर पॅकिंगच्या मावशींना नेमलं, पण त्या एकट्या पुरेनात. मग मदतीला इस्त्रीकाका आले. काकांनी नुसत्या मिशा हलवल्या आणि खोली चिडीचूप झाली. काकांना वाटलं, आपला दरारा. थोड्याच वेळात सव्वीस जण "परत हलवा, परत हलवा" म्हणून त्यांच्या अंगावर चढले.

साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून फाटकाशी उभे होते. दुपारी ऑफिसात फोन घेणाऱ्या ताई बाहेर आल्या. मागच्या खोलीत डोकावून त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, आज नाही येत त्या. उद्या येतील म्हणे."

बुधवारी पुन्हा मुलं, पुन्हा कडक शर्ट, आणि पुन्हा "उद्या". गुरुवारीही तेच. शुक्रवारी साहेब वैतागून म्हणाले, "सरकारी काम आणि सहा महिने थांब!" पण मुलं आणू नका म्हणायची हिंमत होईना. नेमक्या त्याच दिवशी बाई उगवल्या तर?

दुसऱ्या आठवड्यात साहेबांच्या लक्षात आलं, की हल्ली लवकर सोडा म्हणून कुणी दाराशी येत नाही. काजवालीच्या मशीनची सुई रोज मोडायची, ती आठ दिवसांत एकदाही मोडली नव्हती. पण या सुखाचा विचार करायला त्यांना सवड नव्हती, कारण त्यांच्या टेबलाखाली एक चार वर्षांची मुलगी राहायला आली होती. खोक्यांमुळे तिथे झकास गुहा झाली होती. मुलगी काही त्रास देत नसे. फक्त साहेबांनी केबिनचं दार लावलं, की ती उठून ते उघडी.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, "दार का उघडतेस गं सारखं?"

"लावलं की आई जाते," ती म्हणाली आणि पुन्हा गुहेत शिरली.

साहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी वैतागून थेट तपासणी कार्यालयालाच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुमची तपासणी पहिल्याच दिवशी रद्द झाली. तुमच्या ऑफिसात कळवलं होतं की."

साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. "रोज 'उद्या' म्हणून कोण सांगत होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच."

"दोन आठवडे? तोंडावर खोटं?"

"पहिल्या दिवशी खरं सांगायलाच निघाले होते," ताई मान खाली न घालता म्हणाल्या. "वाटेत खोलीत डोकावले. सगळी पोरं ओळीनं झोपली होती. तोंडातून 'उद्या' निघून गेलं."

"पण तुमचं कुणी नाही त्यात!"

"माझी झाली मोठी. कशी झाली ते विचारू नका, साहेब."

साहेबांना नोकरीवरून काढण्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं. ते नीट जुळेना, म्हणून ते तणतणत शिलाईच्या खोलीत गेले. मशिनं थांबवायला लावली. मागच्या दारात मावशी आणि इस्त्रीकाका मुलांना धरून उभे राहिले.

"तपासणी केव्हाच रद्द झालीय," साहेब म्हणाले. "आपल्याला फसवलं गेलं. तेव्हा उद्यापासून..."

"उद्यापासून परत कुलूप लावू का, साहेब?" काजवालीनं विचारलं. काजाला कुठला दोरा घेऊ, असं विचारावं तसं.

"कसलं कुलूप?"

"घराला, बाहेरनं. पोरगी आत असते ना. सासूबाई होत्या तोवर त्या बघायच्या. आता खायला ठेवते, खिडकी उघडी ठेवते. शेजारीण कान देऊन असते, रडली तर."

मग कॉलर शिवणारी एक बाई हळूच म्हणाली, "मी तर थोरलीला शाळेतनं काढलं. धाकट्याला बघायला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. केबिनचं दार तीनदा उघडणारी ती मुलगी आता मावशींच्या कडेवर होती.

"तर मी काय सांगत होतो," त्यांनी घसा खाकरला. "पाळणाघर बंद."

काजवालीनं मान खाली घालून मशीनवरचा कपडा सारखा केला.

"रविवारी," साहेब म्हणाले. "रविवारी बंद राहील. बाकी सगळे दिवस चालू."

इस्त्रीकाकांनी बराच विचार केला. "पण साहेब, रविवारी तर अख्खा कारखानाच बंद असतो."

"म्हणूनच सांगतोय ना!" साहेब खेकसले. "नियम म्हणजे नियम!"