म्हादबाच्या सायकलचं डावं पायडल

एका जंगलात, मुलांनो, म्हादबा नावाचं एक अस्वल राहत होतं. कोणतं जंगल ते विचारू नका. मी सांगून बसेन आणि मग तिथली मंडळी माझ्याशी बोलायची बंद होतील.

म्हादबाची लेक हौसा सात टेकड्यांपलीकडे दिली होती. तिला मुलगा झाला. बारसं चार दिवसांवर आलं होतं. म्हादबानं स्वतःच्या हातानं डिंकाचे लाडू वळले आणि डबा काठोकाठ भरला. आता तो लेकीपर्यंत पोचवायचा एवढंच राहिलं होतं.

पण इथेच घोडं पेंड खात होतं.

मागच्या खेपेला, हौसाच्या डोहाळजेवणाला, तो असाच मधाच्या पोळ्या घेऊन पायी निघाला होता. पहिल्या टेकडीवर एक खाल्ली. दुसऱ्या टेकडीवर म्हणाला, एकीनं काय होतंय. पोचला तेव्हा डबा रिकामा. हौसानं डबा विसळून पालथा घातला आणि बापाला पाणी दिलं. विहीणबाई मात्र त्या पालथ्या डब्याकडे बघत राहिल्या. म्हादबाला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून या वेळी त्यानं आजोबांची सायकल बाहेर काढली. डबा मागे कॅरियरला बांधायचा आणि दोन्ही पंजे हँडलवर ठेवायचे. खायचं म्हटलं तरी खाता येणार नाही. अस्वल असला म्हणून काय झालं, डोकं होतं त्याला.

सायकल जुनी पण ठणठणीत होती. चामड्याची सीट, पितळी घंटा. पायडलं तेवढी कामातून गेली होती. उंदरांनी रबर खाल्लेलं, नुसते गंजके दांडे उरलेले. म्हादबानं बाजारातून नवी जोडी आणली. पण नवी बसायची तर जुनी निघायला हवीत, आणि जुनी काही केल्या निघेनात.

त्याची खटपट तुकोजी रानडुकरानं पाहिली, आणि झालं. काम सभेकडे गेलं.

त्या जंगलाची रीतच होती तशी. अडलेलं काम सभेनं करायचं. सभेत बोलायचं ते वजनाप्रमाणे, सगळ्यात जड त्यानं आधी, सगळ्यात हलका त्यानं शेवटी. मतंही तराजूत घालून मोजायची. आणि एकदा सभेनं काम हाती घेतलं की मालकानं गप्प बसायचं. रीत फार चांगली आहे, असं हत्तीण नेहमी म्हणायची.

पहिल्या दिवशी गंगूआत्या हत्तीण बोलायला उभ्या राहिल्या त्या दुपारी बसल्या. त्यांनी 'पायडल निर्मूलन समिती' नेमली आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर स्वतः अध्यक्ष झाल्या. आग्रह कोणी केला ते मला विचारू नका. मग रायाजीराव गवा पुढे आले. त्यांनी करंजीचं तेल सोडलं, पाना दातांत धरला आणि मानेला एक हिसडा दिला. उजवं पायडल निघालं.

"लगेच डावंही काढता का?" म्हादबानं हळूच विचारलं.

"एका दिवसात दोन कामं केली की लोकांना सवय लागते," रायाजीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डावं. रायाजीरावांनी पाना कालच्याच बाजूला फिरवला. पायडल हललं नाही. पुन्हा तेल घातलं. पान्याला बांबू बांधला. बांबूला चार गवे लावले. पायडल जागचं हलेना. उलट जास्तच घट्ट बसलं.

झाडावरून यमुताई खार हे सगळं बघत होती. तिचं माहेर म्हणजे गावातल्या सायकलच्या दुकानामागची चिंच. लहानपणापासून तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पण पाळी येईपर्यंत बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सभा. हत्तीणीपासून सशापर्यंत सगळे बोलले. एकाच पायडलवर सायकल चालवायला शिकावं, असं तुकोजींनी सुचवलं. ऊन कलल्यावर यमुताईची पाळी आली.

ती म्हणाली, "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं ज्या बाजूला फिरवून सुटतं, त्याच बाजूला फिरवलं की डावं आवळतं. फक्त उलटं फिरवा."

सभेत हशा पिकला.

"म्हणजे लोखंडालाही डावं-उजवं कळतं म्हणायचं," तुकोजी म्हणाले.

रायाजीराव हसले नाहीत. "ताई, मी काल दिवसभर चुकीच्या बाजूला मान मोडत होतो, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

मुलांनो, या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. मोठे झालात की कळेल.

त्याच बाजूला दुप्पट जोर लावायचा, असा ठराव झाला. यमुताईनं विरोधात मत दिलं, पण तराजूचा काटा काही हलला नाही. ठराव एकमताने मंजूर.

सभा उठली. म्हादबा लाडवांच्या डब्याशेजारी बसून राहिला. उद्या बारसं. पायी निघावं तर दोन दिवस लागणार, आणि लाडू तर पहिल्या टेकडीलाच संपणार. त्याला रडू आलं आणि तो रडला. रडता रडता पंजा डब्याकडे गेला, तो त्यानं दुसऱ्या पंजानं धरून मागे आणला.

यमुताई खाली उतरली. "म्हादबादादा, चार गव्यांनी मिळून ते असं आवळलंय की आता तुमच्या-माझ्यानं सुटायचं नाही. रायाजीरावच पाहिजेत."

"ते कुठे ऐकतात?"

"मग सोडवा म्हणू नका," यमुताई म्हणाली, आणि पुढचं तिनं त्याच्या कानात सांगितलं.

चौथ्या दिवशी उजाडताच म्हादबा रायाजीरावांच्या दारात उभा. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे यमुताईचे शब्द तो पाठ करून आला होता.

"रायाजीराव, तुमच्या जोरानं पायडल पार खिळखिळं झालंय. वाऱ्यानं हलतंय. सभा भरायच्या आत गळून पडणार बघा. मग लोक म्हणतील, वाऱ्यानं काढलं."

रायाजीराव ताडकन उठले. "वाऱ्यानं? मग मी काय केलं?"

"तेच म्हणतो मी. सभा भरेपर्यंत जरा आवळून ठेवता का?"

रायाजीराव धावतच आले. पाना दातांत धरला आणि पायडल आवळायला उलट्या बाजूला मान फिरवली. कर्रर्र आवाज झाला. त्यांना वाटलं, छान आवळतंय. त्यांनी आणखी आवळलं. आवळता आवळता पायडल सुटून त्यांच्या खुरावर पडलं.

ते पायडलाकडे बघत राहिले. मग म्हादबाकडे बघून म्हणाले, "जरा जास्तच आवळलं गेलं वाटतं."

म्हादबानं नवी पायडलं बसवली. कोणतं कुठल्या बाजूला फिरवायचं ते यमुताई हळू आवाजात सांगत होती. मग डबा बांधला आणि निघाला. सातही टेकड्यांवर लाडवांचा वास मागून येत होता आणि पंजे हँडलवर होते.

हौसानं डब्याचं झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला. ती बापाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. म्हादबाला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. विहीणबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि आपणहून त्याच्यासाठी पाट मांडला.

इकडे सभेनं रायाजीरावांना शाल दिली. आवळून सोडवण्याच्या त्यांच्या नव्या पद्धतीवर गंगूआत्या दुपारपर्यंत बोलल्या. भलतेसलते सल्ले देऊन सभेचा वेळ घेतल्याबद्दल यमुताईला समज देण्यात आली. तिनं ती मान खाली घालून घेतली. तेव्हापासून त्या जंगलात कोणाचं काही अडलं की सगळे आधी ते आवळतात. ज्यांचं अजिबातच सुटत नाही, ते गुपचूप यमुताईच्या झाडाखाली येतात.

तात्पर्य : मोठ्यांची चूक त्यांना कधीही दाखवू नये. त्यांना नम्रपणे दुसरी चूक करायला सांगावी, म्हणजे काम होतं. शाल तेवढी आधीच आणून ठेवावी.