राव सारांची पळती कचेरी

राव सार, म्हणजे इथल्या बोलीत राव सर, पहाटे साडेपाचला धावायला येतात ते इस्त्रीची फुलपँट, खोचलेला पांढरा शर्ट आणि खिशाला पेन लावून. बूट मात्र धावण्याचे, भडक पोपटी. वरून बघितलं तर माणूस कचेरीला निघालाय आणि खालून बघितलं तर शर्यतीला. पाठीवरच्या पिशवीत पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सुतळी, दोन बल्ब आणि अर्जाचे कोरे कागद.

अर्ज कशाचे, ते सांगतो. राव सारांना नुसतं धावणं मान्य नाही. ‘सुम्मा’ हा तमिळ शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येतो. सुम्मा म्हणजे उगीच, काही कारण नसताना. "सुम्मा कशाला पळायाचं? मागें कुत्रं लागलंय कां?" असं विचारून ते नवख्या माणसाला गार करतात. त्यांच्याबरोबर पळणाऱ्या आम्हा मंडळींनी धावत कुणाच्या तरी घरी जायचं, तिथलं अडलेलं काम करायचं आणि धावत परत यायचं. कुणाचा पंखा पुसायचा असतो, कुणाची माळ्यावरची ट्रंक खाली काढायची असते. एकदा सरकारी शाळेचे बाक रंगवले, एकदा रेल्वेने एन्नोरला जाऊन, स्टेशनपासून धावत, कोळीवाड्यातल्या बालवाडीत फळी ठोकून आलो. पण प्रत्येक कामाला आधी अर्ज लागतो. अर्जदाराचं नाव, पत्ता, कामाचं स्वरूप, मजला कितवा, लिफ्ट आहे की नाही. राव सार एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. म्हणजे ते निवृत्त झाले, हेडक्लार्क झाला नाही.

मी कोल्हापूरचा. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन तमिळ मुलखातल्या या शहरात, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात आलो आणि डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवलं म्हणून बागेत फेऱ्या मारू लागलो. एका सकाळी बायकोशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "तुमी मराठी काय?" वळून बघतो तर पोपटी बूट.

"हो. तुम्हीपण?"

"आमी तंजावरचे. तीनशे वर्षं झालीं येऊन. तुमी?"

"तीन महिने."

"मग तुमी नवे," ते म्हणाले, आणि पिशवीतून सदस्यत्वाचा अर्ज काढला.

त्यांचं मराठी ऐकताना जुनं पत्र कुणीतरी तमिळ चालीत वाचून दाखवतंय असं वाटतं. ‘सगळे’ला ते ‘अस्के’ म्हणतात. मी एकदा धीर करून विचारलं की हे मराठी जरा वेगळं आहे, नाही? ते म्हणाले, "आमी मराठीच बोलतों. तुमी काय बोलतां तें मालूम नाहीं."

मंडळीत आम्ही नऊ जण. त्यातला मुथु श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात फोरमन आहे. चाळिशीचा, अंगाने रेड्यासारखा. त्याला सात वाजता कंपनीची बस पकडायची असते, म्हणून सगळी वजनदार कामं पावणेसातच्या आत उरकतात.

माझ्या पहिल्याच कामाच्या अर्जावर लिहिलं होतं: ‘कमला पाटी. कपाट सरकवणें.’ मला वाटलं, कमला नावाच्या दुकानाची पाटी लावायचीय. वाटभर मी शिडी कुठे मिळेल याचा विचार करत धावलो. पाटी म्हणजे आजी, हे दार उघडल्यावर कळलं. ब्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त भूगोल शिक्षिका, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. कपाट सागवानी होतं. मुथु एका बाजूला आणि आम्ही चौघे दुसऱ्या बाजूला, असं करून ते खिडकीपासून दाराजवळ नेलं. पाटींनी कॉफी दिली आणि मी कोल्हापूरचा म्हटल्यावर मला पंचगंगेच्या पाच नद्या विचारल्या. मला तीन आल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज. दाराजवळ कपाट नीट वाटत नाही, आतल्या खोलीत हवं. त्याच्या पुढच्या महिन्यात आतल्या खोलीतून बाहेर. चौथ्या महिन्यात आम्ही ते परत खिडकीपाशी आणलं. फरशीवर कपाटाच्या पायांचे जुने डाग होते, त्यावर बरोबर बसलं. माझी कंबर धरली होती. मी घाम पुसत इंग्रजीत म्हणालो, "पाटी, पुढच्या वेळी याला चाकंच बसवू या का?"

सगळे हसले. पाटीही हसल्या. मग आत गेल्या. कॉफी आली, पण त्या आमच्यात येऊन बसल्या नाहीत. राव सार तेवढे हसले नव्हते. ते पेनचं टोपण लावत होते.

पाचव्या महिन्यात अर्ज आला नाही. सहाव्यातही नाही. मला आधी बरं वाटलं, मग कसंतरी वाटू लागलं. एका रविवारी बागेच्या बाकावर पाणी पिताना मी विषय काढला.

"सार, कमला पाटींचा अर्ज नाही आला."

"नाहीं आला."

"आपणच जाऊन बघू या का?"

"अर्ज नाहीं तर काम नाहीं."

"सार, खरं सांगा. ते कपाट खरंच हलवायचं होतं का?"

राव सारांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. म्हणाले, "कपाटाला काय होतं? तें चाळीस वर्षं तिथेंच होतं. घरांत अस्के मिळून आवाज करावा, कोणी पाणी मागावं, कोणाचा धक्का लागावा... हें अर्जाच्या कुठल्या रकान्यांत लिहायचं, तुमी सांगा. मीच तो अर्ज छापलाय. तसा रकाना ठेवला नाहीं, माझी चूक."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडून कोरा अर्ज मागून घेतला आणि भरला. अर्जदार: मी स्वतः. कामाचं स्वरूप: फिल्टर कॉफी करता येत नाही, शिकवणारं माणूस हवं. कामाचं ठिकाण: कमला पाटींचं स्वयंपाकघर. मजला दुसरा. लिफ्ट नाही.

राव सारांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. ‘स्वयंपाक’ मी ‘स्वैपाक’ लिहिला होता, तो दुरुस्त केला. "अर्जदार धडधाकट आहे, अशा लोकांना मदत देण्याचा नियम नाहीं," म्हणाले. मग खाली सही केली. "विशेष बाब म्हणून मंजूर."

शनिवारी आम्ही नऊच्या नऊ जण धावत पाटींच्या दारात. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "मी अर्ज केला नव्हता," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

"अर्ज याचा आहे," राव सारांनी मला पुढे ढकललं.

पाटींनी कागद वाचला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. शाळेत असतानाची माझी सगळी भीती जागी झाली. "मागच्या वेळी मी मूर्खासारखं बोललो, पाटी," मी म्हणालो. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हात धुऊन ये."

पुढचा पाऊण तास माझी शिकवणी चालली. मी पावडर जास्त दाबली, त्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, खाली उतरेचना. पाटींनी कपाळावर हात मारला. मुथुने दूध उतू घालवलं. कुणीतरी वाटी पाडली. एकाच वेळी सहा जण सल्ला देत होते आणि पाटी सगळ्यांवर ओरडत होत्या, त्यांचा चेहरा लाल झाला होता. मुथुची बस चुकली. तो म्हणाला, "चुकू दे."

निघताना पाटींनी मला बजावलं, "तुला एका दिवसात येणार नाही. पुढच्या शनिवारी ये."

खाली आल्यावर सगळे पांगले. राव सारांचं घर माझ्या वाटेवर आहे. मी धावायला लागणार तेवढ्यात ते म्हणाले, "चालूं या."

थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "बोला काय तरी."

"काय बोलू?"

"काय बी. मराठींत बोला." ते समोर बघत चालत होते. "बायको होती तोंवर घरांत बोलणं होतं. ती जाऊन पांच वर्षं झालीं. मुलगा फोनवर तमिळ बोलतो, नातू इंग्रजी. देवापुढें रोज बोलतों मी, पण तो जबाब देत नाहीं." मग म्हणाले, "तुमचं मराठी बरोबर नाहीं. पण चालतं."

मग मी बोलत सुटलो. सुट्टीत इथे आलेल्या बायकोने इथल्या गरम मसाल्याला घातलेल्या शिव्या, ऑफिसातला साहेब, आईचा गुडघा, गावाकडे भावाने घेतलेली म्हैस. राव सार मधे मधे एखादा शब्द धरायचे, "हें पुन्हा म्हणा," म्हणायचे, आणि तोंडातल्या तोंडात घोळवून बघायचे. म्हशीच्या किमतीवरून भावजयीने घातलेल्या वादाची गोष्ट मी नुकती सुरू केली होती, तेव्हा त्यांच्या इमारतीचं फाटक आलं. ते मला दिसलं. त्यांनाही दिसलं असणार. वॉचमन उठून उभासुद्धा राहिला.

"मग भावजय काय म्हणाली?" राव सारांनी विचारलं, आणि आम्ही दोघे तसेच पुढे चालत गेलो.