जतच्या माळावरची ‘भाग्यवंती’

वेळणे बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या छपरावरची अँटेना पूर्वेला कलली, आणि ‘भाग्यवंती’ ही होडी समुद्र सोडून सांगली जिल्ह्यात, जतच्या माळावर मासे धरू लागली.

हे सगळ्यांत आधी कळलं ते लतिका पावसेला. सोसायटीच्या वायरलेसवर तीच बसायची, आणि ‘भाग्यवंती’चा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, परशुराम हा तिचा नवरा. वायरलेस म्हणजे खरं तर जुना सीबी रेडिओ. आजूबाजूच्या बंदरांनी असले सेट कधीच काढून टाकले होते. वेळण्यातला टिकला, कारण लतिका अधूनमधून शिडी लावून छपरावर चढायची, केबलच्या जोडावर साचलेलं मीठ ओल्या फडक्याने पुसायची आणि वरून नवी टेप गुंडाळायची. अँटेनाची नळी उंच, तिला तीन बाजूंनी ताणाच्या तारा. समुद्राकडच्या तारेला गंज चढलाय, हे तिने सोसायटीचे चेअरमन धाकूशेठ चोगले यांना सांगितलं होतं. ते “बघू” म्हणाले होते.

तार तुटली तेव्हा ती परशुरामशीच बोलत होती. छपरावर टणकन आवाज झाला, सेटमध्ये खरखर सुरू झाली.

“भाग्यवंती, भाग्यवंती, कुठे आहात? ओव्हर.”

“ज्वारीत,” परशुराम म्हणाला. “ओव्हर.”

लतिकाने पुन्हा विचारलं. चारी बाजूंना ज्वारी आहे, पोटरीला आलेली, आणि बांगडा चांगला लागतोय, असं त्याने सांगितलं. किनारा कुठे दिसत नव्हता. लांबवर एक पवनचक्की दिसत होती, आणि जवळ ‘जत’ लिहिलेला मैलाचा दगड.

धाकूशेठनी बंदराच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“होडी हद्दीबाहेर गेली आहे का?”

“हद्द समुद्राच्या बाजूला मोजतात ना साहेब. ही जमिनीच्या बाजूला गेलीय.”

“त्या बाजूला आपण हद्द घातलेलीच नाही,” साहेब म्हणाले. “मग आमची काही हरकत दिसत नाही.”

परशुराम घरी फार न बोलणारा माणूस. कालवणात मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवून उठायचा. पण जतहून तो बोलायला लागला. इथली माती काळी आहे आणि होडीखाली ती दुलईसारखी हलते. पीक मोडत नाही, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढे गेली की मागे पुन्हा जुळून उभं राहतं. लाटा नाहीत, त्यामुळे खलाशांना उलट मळमळतंय. लतिका रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. ती माइकचं बटण धरून विचारत राहायची. तिकडे आभाळ कसं दिसतं? वारा कसला वास घेऊन येतो? सूर्य कुठे बुडतो?

“ढेकळांत बुडतो,” परशुराम म्हणाला. “आवाज येत नाही. ओव्हर.”

एका संध्याकाळी सेटवर एका बाईचा आवाज आला.

“ताई, म्या गौराबाई बोलतीया, रानाची मालकीण. काळजी करू नगा. तुमच्या मालकांस्नी भाकरी दिलीया. म्हटलं, मधनं कशाला, बांधाबांधानं घ्या की होडी. तर घेतात बिचारे.”

“पिकाचं नुकसान नाही ना झालं, बाई?”

“न्हाई. पर त्ये मासं कसं करायचं त्ये सांगा. सारी आळी वाट बघतीया.”

लतिकाने तिरफळं घालून कालवण सांगितलं. तिरफळं म्हणजे काय, हे सांगण्यात बराच वेळ गेला.

पण होडीतला बर्फ संपत आला, डिझेलही उतरलं. जाळ्यातला मासा टिकेना. परशुराम म्हणाला, “आता परत यायला हवं. पण सुकाणू फिरवलं तरी नाळ पूर्वेलाच वळते.” हे त्याने नेहमीच्या आवाजात सांगितलं, पण “ओव्हर” म्हणायला विसरला. लतिकाने ते ऐकलं आणि रत्नागिरीच्या अन्वर मुकादमना बोलावलं. जुने रेडिओ दुरुस्त करणारे तेवढेच उरले होते.

अन्वरभाई छपरावर गेले, नळीला डोळा लावून त्यांनी रोख पाहिला.

“वहिनी, बरोबर जतवरच आहे,” ते म्हणाले. “तार तुटताना जी होडी बोलत होती, ती ह्या रोखाने गेली. दुसरं कुणी बोलत नव्हतं ते बरं झालं.”

“मग सरळ करा.”

“एकदम करून चालणार नाही. मध्ये सह्याद्री आहे. झटका दिला तर होडी कड्यावरून खाली येईल.”

त्यांनी नवी तार बांधली आणि तिच्या टोकाला आवळायचा स्क्रू बसवला. ते वर पाना घेऊन बसले, लतिका खाली सेटवर. थोडं आवळायचं, होडीला विचारायचं, मग पुन्हा थोडं. कवठे महांकाळला द्राक्षांच्या मांडवात डोलकाठी अडकली, ती खलाशांनी हलक्या हाताने सोडवली. मिरजेला रेल्वेचं फाटक लागलं, तिथे थांबावं लागलं. कोल्हापूरच्या पुढे उसात त्यांच्या जाळ्यात हलवा मासा लागला. दिवस असे चालले होते, आणि आंबा घाटाच्या तोंडाशी ‘भाग्यवंती’चा आवाज बंद पडला.

लतिका हाक मारत राहिली. नुसती खरखर. धाकूशेठ दारात येऊन उभे राहिले.

“डोंगर आड आलाय,” अन्वरभाई वरून म्हणाले. “आता मी आवळू की थांबू, तुम्ही सांगा.”

लतिका छपरावर आली. तिने तारेला हात लावला. तार थरथरत होती. वाऱ्याने थरथरावी तशी नाही. होडीवर ओढताना जाळ्याचा दोर थरथरतो, तशी.

“ते उतरतायत,” ती म्हणाली. “सैल सोडू नका. आवळूही नका.”

दोघं तार धरून बसली. तिच्या तळव्याला वळ उठले. मग थरथर थांबली आणि खाली सेटमधून परशुरामचा आवाज आला. “वेळणे, वेळणे. साखरप्याला पोचलो. सगळे ठीक. बर्फ पाठवता येईल का? ओव्हर.”

होडी बंदरात आली ती बाजाराच्या मागून, शाळेच्या मैदानावरून. धक्क्याला समुद्राकडून लागायची सवय. यावेळी उलट्या बाजूने बांधावी लागली. लिलाव मात्र तिथेच झाला. परशुराम खाली उतरला. इतके दिवस जमिनीवर होता, पण पाय टेकला तो आज. घरी त्याने मुकाट्याने जेवण केलं. लतिकाने घाटाचं विचारलं, तर म्हणाला, “सांगतो. उद्या होडीवर गेलो की वायरलेसवर विचार.”

दुसऱ्या दिवशी ती सोसायटीत आली, तर ‘गंगासागर’ होडीचा म्हातारा तांडेल हसुराम दोरकुळकर बाकावर बसला होता. टोपी मांडीवर.

“लतिका,” तो म्हणाला, “अँटेना नागपूरकडे कलवता येईल का?”

“नागपूर लांब आहे, हसुरामकाका. तिकडे काय लागतं मासळीत?”

“मासळीचं नाही. मुलगी दिलीय तिकडे. लग्न झाल्यापासून तिला येणं जमलेलं नाही. मला गाडी लागते. होडीत काही होत नाही.”

लतिकाने थोडा विचार केला.

“सावकाश जावं लागेल. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.”

“थांबेन.”

तिने अन्वरभाईंना फोन लावला. ते येईपर्यंत केबलचा जोड पुसून घ्यावा, म्हणून फडकं ओलं केलं आणि शिडी लावली. वर गेल्यावर ती जमिनीकडे तोंड करून उभी राहिली. जत समोर होतं, ते तिला आता ठाऊक होतं. नागपूर त्याच्या किती डावीकडे येतं, ते तिने खाली वाकून शिडीपाशी उभ्या हसुरामकाकांना विचारलं. त्यांनाही ते नक्की माहीत नव्हतं.