येसाजीचा पाय

"पोरीला कोणी उचलायचं नाही," महाडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पोलिओने आठ वर्षांच्या ठमीचा डावा पाय बारीक झाला होता. रोज पायाची कसरत आणि कुबड्या घेऊन टेकाडापलीकडच्या शाळेपर्यंत चालत जाऊन परत येणं, हेच तिचं औषध. पडली तरी तिची तिलाच उठू द्यायचं. असं केलं तर पाडव्यानंतर ती एकटी शाळेत जाईल. लाड केले तर पाय जन्मभर तसाच राहील.

तिच्या बापाने, येसाजीने, हे मान डोलावून ऐकलं आणि कुडपणला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मोडलं. माणूस दांडगा, भाताचं पोतं सहज पाठीवर घेणारा. पण लेक जरा धडपडली की तिला उचलायला धावायचा. बायको रंगूबाई दारातून बघत असायची, म्हणून बांबूच्या बेटापर्यंत तो शहाण्यासारखा ठमीच्या मागून चाले. बेट ओलांडलं की ठमी बापाच्या खांद्यावर.

"बा, डाक्तर वरडंल."

"डाक्तर म्हाडला हाय. तू गप बस."

ठमीलाही खांद्यावरून लांबचं दिसायचं, ती कशाला बोलते? पण रंगूबाई पाण्याला त्याच वाटेने जायची. धुळीत कुबड्यांच्या खुणा दिसायला नकोत का? येसाजीने डोकं लढवलं. ठमीने बापाचे केस धरायचे आणि बापाने कुबड्या टेकत चालायचं. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश होता की वाटेत शीळही घालायचा.

आता, कुडपणची माणसं म्हणजे हरवलेली म्हैस खुरांवरून शोधून काढणारी. चौथ्या दिवशी शेजारच्या भागोजीने वाट न्याहाळली. कुबड्यांच्या खुणा होत्या, पण पोरीचं पाऊल एकही नव्हतं. होती ती येसाजीची फताडी पावलं, तीही खोल रुतलेली. भागोजीला काय समजायचं ते समजलं. येसाजीचा पाय गेलाय आणि बिचारा लपवतोय, ही बातमी त्याने घरोघर पोचवली.

येसाजी ठमीला घेऊन घरी येतो तो ओटीवर अर्धा गाव. रंगूबाईने डोळ्यांना पदर लावलेला. हाडं बसवणारा चांगू बांबूच्या कामट्या आणि हळदीचा लेप घेऊन तयारच होता.

"माज्या पायाला काय झालं नाय," येसाजी म्हणाला.

"मग वाटेत कुबड्या कोण टेकवीत होता?" भागोजीने विचारलं.

येसाजीने बायकोकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर लेप पायाऐवजी डोक्याला लागला असता.

"मीच," तो पुटपुटला.

"कंचा पाय दुकतो?" चांगूने विचारलं.

जरा विचार करून येसाजीने उजवा पुढे केला. चांगूने तो दाबला. चांगूने दाबल्यावर न दुखणारा पाय अजून जन्माला यायचा होता. येसाजी असा बोंबलला की गावाची खात्रीच पटली. पाय कामट्यांत आवळला गेला.

"आठ दिस हलायचं नाय," चांगूने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ठमीने कुबड्या घेतल्या.

"तिच्यासंगं कोनतरी जा गो," येसाजी कळवळला.

"कशाला? कुबड्या तू घेतल्यास तरी इतके दिस तिची तीच चालली की," रंगूबाई कौतुकाने म्हणाली.

ठमीने बापाकडे पाहिलं, बापाने आढ्याकडे. ठमी निघाली.

ती परत यायला दुपार झाली. अंगणाकडे बघून बघून येसाजीची मान आखडली होती. ठमी आली ती धुळीने माखलेली, गुडघा खरचटलेला.

"पडलीस गो?"

"चार वेळा."

"मग उठलीस कशी?"

"पयल्यांदा लय वेळ रडले. तू येत नव्हतास. मग उठले."

येसाजीला हुंदका आवरेना. पाय फारच ठणकतोय असं समजून रंगूबाई धावत गेली आणि चांगूला घेऊन आली. चांगूने जुनं बांधलेलं सोडायला घेतलं. उद्या ठमी पुन्हा निघेल, पुन्हा पडेल, आणि पाय मोकळा असला तर आपण बेटापर्यंतसुद्धा दम धरणार नाही, हे येसाजीला पक्कं ठाऊक होतं. त्याने पाय मुकाट्याने पुढे केला.

"घट्ट आवळ, चांगू," तो म्हणाला. "आन् पाडव्यापत्तूर सोडू नको."